कोण कोणाचे नाव घेते

१९७० च्या दशकात दिल्लीहून सिकंदराबादला घरी निघालेल्या एका विद्यार्थिनीने वाटेतल्या मोठ्या स्टेशनवर पुस्तकांच्या गाड्यावरून पाच जाडजूड खंड विकत घेतले. ‘हँडबुक ऑफ सोशल सायकॉलॉजी’ हे त्यांचे नाव, आणि किंमत प्रत्येकी साधारण एका डॉलरच्या रुपयांएवढी. ती तेव्हा जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिकत होती. घर येईपर्यंत एक खंड वाचून संपला होता आणि आयुष्यात काय करायचे तेही ठरले होते. तिचे नाव महझरीन बानाजी. पारशी घर, निजाम कॉलेजातली बी. ए., उस्मानिया विद्यापीठातली एम. ए. पुढे अमेरिकेत ओहायो स्टेटमधून १९८६ साली डॉक्टरेट, मग येल विद्यापीठ, आणि २००२ पासून हार्वर्ड.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या आमच्या मंठाळच्या माणसाला हैदराबाद परके नाही. १९५६ पर्यंत मंठाळ, बसवकल्याण, आळंद हा सगळा मुलूख हैदराबादच्याच कारभारात होता. मराठी बोलणाऱ्या घरांतही मागच्या पिढीतला ‘शिकून आलेला’ काका किंवा मामा बहुधा पुण्याहून नव्हे, हुमनाबाद-जहीराबादच्या रस्त्याने हैदराबादेहूनच आलेला असे. तेव्हा सामाजिक मानसशास्त्रातल्या एखाद्या संशोधकाचे लेखन किती आणि त्याचा प्रभाव किती, हे कसे मोजतात ते समजून घ्यायचे तर उस्मानियाची ही विद्यार्थिनी आपल्याच बाजूची म्हणायला हरकत नाही.

प्रभाव मोजण्याची रूढ रीत सोपी आहे. तुमचा शोधनिबंध छापून आला; नंतर दुसऱ्या कोणी आपल्या निबंधाच्या शेवटी संदर्भांच्या यादीत त्याचे नाव लिहिले; झाले एक सायटेशन. बानाजींचे गुरू अँथनी ग्रीनवाल्ड आणि दोन सहकाऱ्यांनी १९९८ साली छापलेल्या एका निबंधाला अशी दहा हजारांवर सायटेशन आहेत. त्याच्या पायाशी असलेला ग्रीनवाल्ड आणि बानाजी यांचा १९९५ चा निबंधही हजारांत मोजला जातो. हा आकडा किती मोठा? विज्ञानाचे इतिहासकार डेरेक डी सोला प्राइस यांनी १९६५ साली हिशेब मांडला होता : कोणतेही एक वर्ष घ्या, आजवर छापलेल्या निबंधांपैकी सुमारे ३५ टक्के निबंधांचे नाव त्या वर्षात कोणीही घेत नाही.

ही मोजणी सुरू केली युजीन गारफिल्ड यांनी. १९५५ साली त्यांनी ‘सायन्स’ साप्ताहिकात कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये फिलाडेल्फियाहून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ बाहेर पडला. समाजशास्त्रांची सूची १९७३ ची. गारफिल्डना कल्पना सुचली ती मात्र प्रयोगशाळेत नव्हे, वकिलांच्या कपाटात. अमेरिकेत १८७३ पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ नावाचे ग्रंथ निघत. एखाद्या निकालाचा पुढे कोणकोणत्या खटल्यांत आधार घेतला गेला, हे त्यांत सापडे. आपल्याकडे नागपूरहून निघणारा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ उलगडून बसलेला कोणताही वकील ही गरज लगेच ओळखेल : निकाल हाताशी असून भागत नाही, तो अजून ‘जिवंत’ आहे की वरच्या कोर्टाने उलथवला, ते माहीत हवे. शेपर्ड यांच्या ग्रंथात त्यासाठी खुणा असत. हा निकाल पाळला गेला, हा वेगळा ठरवला गेला, हा रद्द झाला.

गारफिल्डनी वकिलांकडून यादी घेतली, खुणा घेतल्या नाहीत. पुढचा सगळा घोळ, माझ्या मते, इथूनच सुरू होतो. विज्ञानाच्या सूचीत कौतुकाने घेतलेले नाव आणि खोडून काढण्यासाठी घेतलेले नाव, दोन्ही एक-एकच मोजले जाते. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली काढलेला एच-निर्देशांकही याच बेरजेवर उभा आहे. ज्यांच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन, त्यांचा एच दहा. एकच निबंध गाजला आणि बाकीचे पडून राहिले, तर एच वाढत नाही. हजार पाने लिहिली आणि कोणी वाचली नाहीत, तरी वाढत नाही. चलाख युक्ती आहे. पण नाव कशासाठी घेतले, हे तिलाही विचारता येत नाही.

गंमत अशी की नाव वारंवार कानावर पडल्याने काय होते, याचा एक उत्तम प्रयोग बानाजींच्याच यादीत आहे. त्याची सुरुवात लॅरी जेकबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली केली. त्यांनी काही लोकांना अगदी सामान्य, कोणालाही ठाऊक नसलेली नावे वाचायला दिली. त्यांतले एक होते सेबॅस्टियन वाइसडॉर्फ. त्यानंतर खरोखर प्रसिद्ध माणसांची नावे, आधी वाचलेली अनोळखी नावे आणि नवी अनोळखी नावे एकत्र करून विचारले, ‘यांतले प्रसिद्ध कोण?’ यादी वाचल्यावर लगेच विचारले तर लोक फसत नसत. हे नाव मघाशीच पाहिले, म्हणून ते बाजूला काढत. एक दिवस मध्ये गेला की कुठे पाहिले ते विसरे, ओळखीची भावना मात्र शिल्लक राही. मग वाइसडॉर्फ बिचारे एका रात्रीत प्रसिद्ध होत.

बानाजी आणि ग्रीनवाल्ड यांनी १९९५ मध्ये यात एक साधा बदल केला. नावे पुरुषांची आणि स्त्रियांची अशी दोन्ही घेतली. ओळखीचे वाटणारे नाव पुरुषाचे असेल तर लोक त्याला सहज प्रसिद्ध ठरवत. तेवढेच ओळखीचे नाव बाईचे असेल तर तेवढ्या सहज नाही. म्हणजे प्रसिद्धीचा उंबरठा पुरुषांसाठी खाली होता, आणि तो खाली आहे हे उंबरठा ओलांडू देणाऱ्यालाच कळत नव्हते.

आता संशोधक निबंध लिहायला बसतो तेव्हा काय करतो ते आठवून पाहा. विषयावर काही वाचलेले असते, पुष्कळसे नुसते चाळलेले असते, आणि एखादा संदर्भ हवा असतो. ज्याचे नाव चार ठिकाणी पाहिले तेच पाचव्या ठिकाणी उतरते. रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानावरून या प्रकाराला नाव दिले, मॅथ्यू परिणाम : ज्याच्याकडे आहे त्याला आणखी मिळते. दोघांनी मिळून केलेल्या कामाचे श्रेयही आधीच नावाजलेल्याकडे जाते. मर्टन यांच्या या निबंधाला आधार होता हॅरिएट झुकरमन यांनी नोबेल विजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखतींचा, आणि निबंधावर नाव एकट्या मर्टन यांचे. नंतर मर्टन यांनी स्वतःच लिहिले की झुकरमन यांचे नाव सहलेखक म्हणून यायला हवे होते. विज्ञानाच्या इतिहासकार मार्गारेट रॉसिटर यांनी १९९३ मध्ये स्त्रियांच्या बाबतीतल्या या विसरण्याला वेगळे नाव दिले : मटिल्डा परिणाम. बानाजींच्या प्रयोगशाळेत यादी वाचणारे विद्यार्थी आणि संदर्भसूची भरणारे प्राध्यापक यांच्यात मला तरी फार अंतर दिसत नाही.

दहा हजारांच्या वर गेलेला तो १९९८ चा निबंध म्हणजे ‘इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट’, थोडक्यात आयएटी. पहिल्या प्रयोगात होती फुले आणि किडे. पडद्यावर एकेक शब्द येतो. फूल किंवा चांगला शब्द आला की डावीकडची कळ दाबायची, किडा किंवा वाईट शब्द आला की उजवीकडची. हात झपाझप चालतो. मग जोड्या बदलतात : किडा आणि चांगला शब्द एका कळीवर. हात अडखळतो. हे अडखळणे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायचे. फुलांच्या जागी गोऱ्यांची आणि काळ्यांची नावे घातली की मनातल्या मनात न कबूल केलेला कल दिसतो, असा दावा. त्याच साली चाचणी इंटरनेटवर आली, लाखो लोकांनी ती देऊन पाहिली, आणि बानाजी-ग्रीनवाल्ड यांचे ‘ब्लाइंडस्पॉट’ हे पुस्तक २०१३ मध्ये सामान्य वाचकांपर्यंत गेले.

ही चाचणी मंठाळच्या बाजारात आणली तर? समजा डावीकडे मराठी आडनावे, उजवीकडे कन्नड. पहिल्या मिनिटातच पंचाईत. पाटील कुठे टाकायचा? बिरादार? कुलकर्णी? माळी? एकाच बिरादाराचे पोरगे घरात मराठी, शाळेत कन्नड आणि मोटारसायकलच्या गॅरेजात दख्खनी बोलते. दोन ढीग आधीच वेगळे असतील तर ही चाचणी चालते. सीमेवर ढीगच वेगळे होत नाहीत. (सायटेशन मोजणाऱ्या यंत्रांचीही नेमकी हीच अडचण. ‘एस. पाटील’ या नावाखाली किती माणसांचे निबंध एकत्र झालेत ते देवाला ठाऊक. बानाजी हे नाव विरळ, म्हणून त्यांचा हिशेब स्वच्छ.)

चाचणीवरची टीका याहून गंभीर आहे. आज एक निकाल येतो, महिन्याने त्याच माणसाचा दुसरा. निकालावरून माणूस प्रत्यक्षात कसा वागेल ते फारसे सांगता येत नाही. २०१९ साली ४९२ अभ्यास एकत्र करून पाहिलेल्या एका मोठ्या निबंधाने दाखवले की चाचणीतला कल थोडाफार बदलता येतो, पण तो बदलला म्हणून वागणूक बदलतेच असे नाही. या निबंधाच्या लेखकांत एक नाव आहे ब्रायन नोसेक. नोसेक येलमधले बानाजींचेच विद्यार्थी, आयएटी इंटरनेटवर पोचवणाऱ्यांपैकी एक. आणि २०१५ साली ज्या प्रकल्पाने मानसशास्त्राचे शंभर गाजलेले-न गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहिले, त्याचे नेतृत्वही त्यांचेच. मूळच्या शंभरांपैकी ९७ टक्क्यांमध्ये ठोस निष्कर्ष होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच टिकला. सामाजिक मानसशास्त्राची गत आणखी वाईट, चारांत एक.

आता या सगळ्या टीकेची बेरीज कुठे होते? मूळ निबंधाच्या सायटेशनमध्येच. आयएटी चूक आहे असे म्हणणारा प्रत्येक जण १९९८ च्या निबंधाचे नाव घेतो आणि आकडा एकाने वाढवतो. बानाजींचे मोठेपण त्यामुळे कमी होते असे मला वाटत नाही. ज्या कामावर एवढे लोक भांडले, ते काम भांडण्याजोगे होते, आणि स्वतःचा विद्यार्थी आपल्याच हत्याराची धार तपासतो ही गुरूला लाभलेली दुर्मीळ गोष्ट. पण सगळीकडे असे घडत नाही. पुन्हा करून पाहिल्यावर न टिकलेल्या प्रयोगांचा माग २०२१ साली मार्टा सेरा-गार्सिया आणि उरी नीझी यांनी काढला. न टिकलेले निबंध टिकलेल्यांपेक्षा जास्त उद्धृत होत होते, आणि ते अपयशी ठरल्यानंतर घेतलेल्या उल्लेखांपैकी फक्त १२ टक्क्यांत त्या अपयशाची नोंद होती. ‘रद्द’ अशी वकिलांची खूण इथे असती तर!

याच्या उलटची गोष्ट आहे जमुना प्रसाद यांची. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारला भूकंपाने हादरवले. पाटण्याच्या प्रसादांनी त्यानंतरच्या अफवा टिपून ठेवल्या आणि १९३५ मध्ये ब्रिटनच्या मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापल्या. १९५० मध्ये आणखी एक निबंध. धक्का जाणवला पण नुकसान झाले नाही अशा भागात लोक काय बोलत होते? याहून मोठा प्रलय येणार, अमुक दिवशी येणार. अमेरिकेतले लिऑन फेस्टिंगर हे वाचून अडखळले. घाबरलेला माणूस आणखी घाबरवणारी गोष्ट का पसरवील? त्यांना सुचलेले उत्तर असे : भीती मनात आहे आणि डोळ्यांसमोर कारण तर काही नाही, ही विसंगती माणसाला सोसत नाही, मग तो भीतीला साजेसे कारण तयार करतो. त्यातून १९५७ साली ‘अ थिअरी ऑफ कॉग्निटिव्ह डिसोनन्स’ हे पुस्तक आले आणि त्याच्या प्रास्ताविकात फेस्टिंगरनी प्रसादांच्या अफवांपासून सुरुवात झाल्याचे मोकळेपणाने सांगितले. दुर्गानंद सिन्हा यांचा दार्जिलिंगच्या दरडींवरचा १९५२ चा निबंधही त्यांनी पडताळ्याला घेतला. तिथे डोळ्यांसमोर खरोखर विध्वंस होता आणि अशा भाकितांच्या अफवा नव्हत्या.

आमच्या भागाला हे पुस्तकात वाचायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी उद्ध्वस्त झाली. किल्लारी इथून फार लांब नाही. मध्ये राज्याची सीमा आहे, जमिनीला ती ठाऊक नाही. तिकडे दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. इकडे भांडी वाजली, भिंतींना तडे गेले, आणि बहुतेक घरे उभी राहिली. त्यानंतरच्या रात्री उभ्या घरांतली माणसे अंगणात झोपली आणि ‘मोठा धक्का अजून यायचाय’ हे या तोंडून त्या तोंडी फिरत राहिले. म्हणजे प्रसादांचे पाटणा ते आम्हीच.

फेस्टिंगरच्या पुस्तकाची सायटेशन आज कित्येक हजारांत आहेत. प्रसादांची त्यामानाने नगण्य. पुस्तकाचे नाव घेणारा प्रास्ताविकातल्या माणसाचे नाव घेत नाही, आणि यंत्र एका पायरीपलीकडे मागे बघत नाही.

आपल्या महाविद्यालयांत सायटेशन आले ते असल्या कुतूहलापोटी नव्हे, बढतीसाठी. २०१० च्या यूजीसी नियमांनी अध्यापकांच्या कामाला एपीआय नावाचे गुण लावले, निबंधाला गुण, आणि निबंधांचे पेव फुटले. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके गावोगाव पोचली. २०१८ साली पुण्यात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्य यादीतला विद्यापीठांनी सुचवलेला भाग तपासला, तर त्यातल्या ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकांचा दर्जा संशयास्पद निघाला. मग पुण्यातूनच ‘यूजीसी-केअर’ ही गाळलेली यादी आली, आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. कडगंचीच्या केंद्रीय विद्यापीठातला तरुण प्राध्यापक असो की बसवकल्याणच्या पदवी महाविद्यालयातला, ‘पेपर किती, सायटेशन किती’ हा प्रश्न दोघांनाही चुकत नाही. ‘समाज प्रबोधन पत्रिके’त त्याने मराठीतून कितीही कसदार लिहिले तरी जागतिक सूचीच्या दृष्टीने ते लिहिलेच गेले नाही. कन्नडमध्ये लिहिले तरी तेच.

मराठी आणि कन्नड दोन्हींच्या वाट्याला आलेले एक नाव मात्र इथे घ्यायला हवे. व्ही. व्ही. कामत. फ्रान्सच्या बिने यांची बुद्धिचाचणी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या टर्मन यांनी १९१६ मध्ये सुधारून घेतली होती. कामतांनी मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागात ती कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली. १९३४ साली ब्रिटनच्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात निबंध, १९४० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हे पुस्तक. तीन वर्षांच्या मुलापासून बावीस वर्षांपर्यंत वयवार प्रश्न. मूल कोणत्या वयाचे प्रश्न सोडवते ते पाहायचे, खऱ्या वयाने भागायचे आणि शंभराने गुणायचे. ‘बिने-कामत’ म्हणून भारतातल्या कित्येक दवाखान्यांत ही चाचणी आजही वापरात आहे. मूल शाळेत मागे का पडते, बौद्धिक अक्षमतेचा दाखला द्यायचा की नाही, अशा वेळी अहवालावर कामतांचे नाव छापलेले असते. त्या अहवालाचे सायटेशन होत नाही. सामाजिक मानसशास्त्राचे हे काम नव्हे; पण एका मराठी-कन्नड मोजपट्टीने किती घरांचे निर्णय फिरवले असतील याचा विचार केला तर आयएटीचे दहा हजार कमी वाटू लागतात.

इथे ‘बघा, आपला माणूस उपेक्षित राहिला’ असे म्हणून थांबायचा मोह होतो. तो आवरतो, कारण उपेक्षेला दुसरी बाजू आहे. आयएटीवर हजारो लोकांनी लिहिले म्हणून तिच्या मर्यादा आज चव्हाट्यावर आहेत. ज्या चाचणीचे नाव निबंधांत कमी आणि अहवालांत जास्त येते, तिला एवढे तपासनीस लाभत नाहीत. कामतांची मोजणी १९३० च्या दशकातल्या मुलांवरची. पुढच्या पिढ्या अशा चाचण्यांत आधीच्यांपेक्षा जास्त गुण मिळवतात, हे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात अनेक देशांच्या आकड्यांवरून दाखवले. म्हणजे जुन्या मोजपट्टीवर आजचे मूल प्रत्यक्षाहून हुशार दिसू शकते, आणि ज्याला मदत हवी ते मदतीच्या रेषेच्या वर राहू शकते.

शिवाय कामतांनी मोजणी केली तो मुलूख इंग्रजी अमलातला होता. मंठाळ तेव्हा निजामाच्या राज्यात, सरकारी शाळांवर उर्दूचा वरचष्मा. त्या मोजणीत इथले मूल नव्हते. आज मंठाळहून कलबुर्गीला तपासणीसाठी नेलेले मूल आईशी मराठीत बोलते, शाळेत कन्नड लिहिते, आणि मोबाईलवर हिंदी ऐकते. चाचणी त्याला कोणत्या भाषेत द्यायची, हे ठरवणारी बाई किंवा माणूस बहुधा कधीच निबंध लिहिणार नाही.